तिसरा रकाना

शेवंता,

तुझ्या जाण्याचं कार्ड आठ दिवस शाळेत पडून होतं. शाळा उन्हाळ्याची बंद, शिपाई दौलत त्याच्या गावी हिवरखेडला गेलेला. तो आला, ऑफिसचं कुलूप काढलं आणि दाराखालून सरकवलेल्या टपालात कोपरा फाटलेलं कार्ड बघून भर उन्हात माझ्या घरी आला. "बाई, आधी बसा, मंग वाचा," म्हणाला. तुझ्या धाकट्या भावाच्या, नामदेवच्या अक्षरात तीनच ओळी होत्या. अक्काला कावीळ झाली होती, बुधवारी सकाळी गेली, तुम्हाला कळवायला सांगितलं होतं. मी बसून वाचलं, उठून वाचलं, मग तारीख पाहिली. त्या बुधवारी सकाळी मी गच्चीवर सांडगे वाळत घातले होते आणि कावळे हाकत बसले होते.

अकोला ते अमरावती म्हणजे काही सातासमुद्रापलीकडे नाही. सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलं की अमरावती आलीच. कार्ड वेळेवर हातात पडलं असतं तर तुझ्या उशाशी नाही तरी निदान तुझ्या दारात पोचले असते. पण नामदेवला माझ्या शाळेचा पत्ता ठाऊक होता, घरचा नव्हता. तू त्याला तो कधी दिला नाहीस. का दिला नाहीस, ते आपल्या दोघींना चांगलं ठाऊक आहे आणि आपण त्याबद्दल पंधरा वर्षांत एक अक्षर बोललो नाही. आता मी एकटीच बोलणार, म्हणजे तुला मध्ये "हो वं, पुढं सांग" म्हणायची सोय नाही.

आपण होस्टेलवर एका खोलीत होतो. तू वनस्पतिशास्त्राची, मी संस्कृतची. एका दिवाळीत तू माझ्याबरोबर अकोल्याला आलीस. नाना ओसरीवर यजमानांची पत्रिका बघत होते, त्यांनी तुझं नाव विचारलं, गाव विचारलं, बार्शीटाकळी म्हटल्यावर आणखी काही विचारलं नाही. आईनं चहा केला. मला नेहमीच्या पितळी फुलपात्रात आणि तुला कान तुटलेल्या कपात. तू चहा प्यायलीस, उठलीस, अंगणातल्या नळावर कप स्वतः विसळलास आणि आई दाखवायच्या आधीच बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलास. कोनाडा कुठला, ते तू आल्या आल्या बघून ठेवलं होतंस. स्टेशनवर जाताना म्हणालीस, "चहा मस्त होता वं. आलं घातलं होतं ना?" मी म्हटलं हो. त्यानंतर तू माझ्या घरी आली नाहीस आणि घरच्या पत्त्यावर तुझं पत्र आलं नाही. मी शाळेत लागले तशी तुझी पत्रं शाळेत येऊ लागली. आणि खरं सांगते शेवंता, मला ते सोयीचं होतं.

छप्पनच्या दसऱ्याला तू घरच्यांबरोबर नागपूरला गेलीस आणि पांढरं लुगडं नेसून परत आलीस. तेव्हा तू कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाली होतीस, राजापेठेत खोली घेतली होतीस. मी भेटायला आले आणि काय विचारावं ते न कळून विचारलं, "आता नाव पण बदलणार का तुझं?" तू इतकी हसलीस. "नाव कायले बदलू? नाव तं फुलाचं हाये. फुलाले काय जात असते?" आणि मग हसणं थांबवून म्हणालीस, "तुमच्याकडं असते म्हना. देवाले कोनतं चालते, कोनतं नाई." मी बेलाची पानं तोडून देवाला वाहणाऱ्या घरातली. मी स्टोव्ह पेटवला.

आता त्या यादीचं. महाराष्ट्र झाल्यावर वर्षभरात केव्हातरी तुमच्या कॉलेजात कुठल्याशा समितीचं पाकीट आलं. वनस्पतिशास्त्र मराठीत शिकवायचं, तर शब्द पाहिजेत. पानांच्या आकारांचे इंग्रजी शब्द त्यांनी छापून पाठवले होते आणि समोरची जागा मोकळी. तुमच्या सरांनी पाकीट तुझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, तुमची मराठी चांगली आहे. तू मला पत्र लिहिलंस: "तुझ्या संस्कृतला गिऱ्हाईक आलं आहे. रविवारी ये."

किती रविवार झाले ते, मोजलेही नाहीत. मी घरी सांगायची, परीक्षेचे पेपर तपासायला जाते. तुझ्या खोलीत जमिनीवर चटई, चटईवर वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली पानं, आणि मधे मी फुलस्केप कागद घेऊन. अक्षर माझं चांगलं म्हणून लिहायचं काम माझं. तू बोलायचीस. पहिल्याच दिवशी मी दोन रकाने आखले, एक इंग्रजीचा, एक मराठीचा. तू माझ्या हातातली पट्टी घेतलीस आणि तिसरी रेघ ओढलीस. "हा कशाचा?" म्हटलं. "हा आमचा," म्हणालीस. "निंदन करनाऱ्या बाया काय म्हनते, ते इथीसा लिहायचं."

मग आपली जुंपायची. मी म्हणायची भालाकृती, तू म्हणायचीस ते असू दे. मी म्हणायची प्रतिभालाकृती, म्हणजे भालाच पण उलटा, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळता, तर तू स्टोव्हजवळचं उलथणं उचलून माझ्यासमोर धरायचीस. "हे काय हाये? टोकाले रुंद, दांड्याकडं बारीक. कोन्या पोट्टीनं भाला पाह्यला इथं? उलथनं तं सगळ्यायनं पाह्यलं." रेषाकृतीला तू 'पात' दिलास, कांद्याची असते तशी. कडा दातेरी असेल त्याला मी 'दंतुर', तू 'विळी'. मी म्हटलं, विळीला कुठे दात असतात, तर म्हणालीस, "गवत कापाच्या विळीले असते. तू कधी कापलं?" नव्हतं कापलं. लिहिलं तिसऱ्या रकान्यात.

त्या यादीतलं सगळ्यात गमतीचं प्रकरण म्हणजे स्नोड्रॉप. पान जमिनीतून वर येताना कसं दुमडलेलं असतं, त्याचे तीन शब्द होते आणि तिन्हींना उदाहरण त्या एकाच फुलाच्या निरनिराळ्या जातींचं. ऍप्लेनेट, म्हणजे दोन पानं सपाट, समोरासमोर चिकटलेली. एक्स्प्लिकेटिव्ह, म्हणजे कडा मागे मुडपलेल्या. आणि सुपरव्होल्यूट, म्हणजे एका पानानं दुसऱ्याला आपल्यात गुंडाळून घेतलेलं. तुझ्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकात त्याचं रंगीत चित्र होतं, बर्फातून मान काढलेलं, खाली बघणारं पांढरं फूल. बाहेर मे महिना, खिडकीवर वाळ्याचा पडदा, त्यावर मी पाणी मारतेय, आणि आपण बर्फातल्या फुलाच्या पानाला वऱ्हाडी नाव शोधतोय. "बर्फ पाह्यला काय तू कधी?" तू विचारलंस. मी म्हटलं, पाहिला की, गोळेवाल्याकडे. तू चटईवर आडवी होऊन हसलीस.

हसून झाल्यावर तू उठून बसलीस आणि गंभीर झालीस. म्हणालीस, पोट्ट्यायनं बर्फातलं फूल कुठून आणायचं? उदाहरण इथलं पाहिजे. मुलांना घेऊन चिखलदऱ्याला सहल गेली होती, तेव्हा तू तिथून पांढऱ्या फुलाचा एक रानकांदा आणला होतास. गावोगाव त्याचं नाव वेगळं, आपण आपल्यापुरतं त्याला चिखलदऱ्याचा कांदा म्हणायचो. त्याची पानं तू दाबून वाळवली होतीस. मी तो कागद उघडून बघितला. दोन पानं सपाट, समोरासमोर. मी लिहिलं, 'संमुख', आणि उदाहरण म्हणून आपला कांदा.

तू म्हणालीस, "नाई. हे संमुख नाई. याचं एक पान दुसऱ्याले पोटात घेऊन येते."

"मला तर सपाट दिसतंय."

"दाबून वायवलेलं हाये ते! दाबलं का सगळेच सपाट होते. जितं पाह्य ना. मिरगाच्या आधी ये, कुंडीत कोंब निंगते तवा दाखवतो तुले."

आणि सुपरव्होल्यूटला तू शब्द दिलास, 'पोटरी'. मी 'परिवेष्टित' म्हणत होते. तू म्हणालीस, ज्वारी पोटरीत येते तेव्हा कणीस पानाच्या आत असतं, वरून दिसत नाही, पण बाई हात लावून सांगते की आत आहे. तसंच हे. मी म्हटलं, पोटरी म्हटलं की मुली पायाकडे बघून हसतील. "हसू दे ना वं. हसलेलं इसरत नाई माणूस." मी लिहिलं तिसऱ्या रकान्यात, पण 'संमुख'मधून कांदा काढला नाही. मी छापलेल्या पुस्तकावर आणि वाळलेल्या पानावर भरवसा ठेवणारी बाई. कोंब बघायला मिरगाच्या आधी येते म्हटलं आणि आले नाही. शाळा उघडायची होती. त्याच्या पुढच्या वर्षी वार्षिक तपासणी होती. त्याच्या पुढच्या वर्षी काय होतं, ते आठवतही नाही.

आणखी एक शब्द होता. ग्लॉकस. काही पानांवर निळसर पांढरी झाक असते, बोट फिरवलं की पुसली जाते आणि खाली गर्द हिरवं दिसतं. स्नोड्रॉपच्या पानावर असते, तशी आपल्या रोजच्या, भाजीच्या कांद्याच्या पातीवरही असते. मी 'नीलाभ' म्हटलं. तू पातीवरून बोट फिरवलंस, ते बोट माझ्या गालावर ओढलंस आणि एक शब्द म्हणालीस. मला हसू आलं. मी म्हटलं, असा शब्द नाही मराठीत. तू म्हणालीस, "आता हाये." मी तो लिहिला नाही. म्हटलं, हे काय, पुढे चल. सगळ्या यादीत तेवढी एकच जागा तिसऱ्या रकान्यात कोरी राहिली.

यादी पक्की करायला मी कागद अकोल्याला घेऊन आले. नानांनी वरून डोकावून बघितलं. "उलथणं? पोटरी? कुसुम, हे विद्वानांकडे जाणार आहे ना? हसतील गं लोक." एवढंच म्हणाले आणि संध्येला गेले. त्यांच्यावर खापर फोडत नाही, त्यांनी हात धरला नव्हता माझा. मी नवे कागद घेतले आणि पट्टीनं दोनच रकाने आखले. शेवटी दोघींची नावं लिहिली, तुझं आधी. तुझं नाव आधी लिहिलं म्हणजे फिटलं, असं काहीतरी मनाशी ठरवलं होतं. कच्चे कागद घरात पडले, मग फडताळात डब्यांखाली अंथरले गेले, तेलकट झाले आणि केव्हातरी आईनं बंबात घातले.

दीड-दोन वर्षांनी छापील पुस्तिका आली. तू ती माझ्यासमोर उघडलीस, एकेक पान उलटलंस, शेवटी मिटलीस. "तिसरा कुठं गेला?" मी म्हटलं, "समितीनं काढला असणार. त्यांना प्रमाण भाषा हवी असते." तू माझ्याकडे बघितलंस. खूप वेळ नाही, दाण्यात खडा दिसल्यावर बघतो तितकंच. मग म्हणालीस, "असन. मोठे लोकं हायेत." आणि चहा टाकलास. भांडली असतीस तर बरं झालं असतं. मी खोटं बोलले होते आणि ते तुला पटलं, म्हणून मी त्या दिवशी गाडीत अगदी हलकी होऊन बसले होते.

त्यानंतर आपण भेटलो, पण रविवार संपले. पत्रं येत होती. दर वर्षी मे अखेरीस एक ओळ त्यात असायचीच: मिरगाच्या आधी ये, कोंब दाखवते. मी दर वर्षी लिहायची, यंदा नक्की.

तर यंदा आले. कार्ड वाचून दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं. तुझ्या खोलीत नामदेव सामान बांधत होता. तुझ्या पांढऱ्या साड्या त्यानं एका चादरीत नीट घड्या घालून ठेवल्या होत्या, पुस्तकं सुतळीनं बांधली होती. चटई तीच. मी चटईवर बसले तर त्याला वाटलं मला भोवळ आली, त्यानं पाणी आणलं. मग कोपऱ्यातून डालड्याचा एक डबा आणून माझ्यापुढे ठेवला. त्यात नुसती माती होती आणि बाहेरून तुझ्या अक्षरात कागद चिकटवलेला: रोज पाणी नको.

"अक्का म्हने, कुसुम आली तं तिले दे. नाई आली तं नेऊन दे."

मी म्हटलं, बरं. आणखी काही म्हणाली का? तो जरा घुटमळला. चांगला मुलगा आहे तुझा भाऊ, तहसीलीत लागून त्याच्या बोलण्यात थोडा कारकुनी सावधपणा आला आहे, पण खोटं येत नाही त्याला.

"एक सांगू काय, ताई? तुमचं ते पुस्तक मी पाह्यलं होतं. म्हटलं, अक्का, तुये शब्द तं नाईच यात. समितीवाल्यायनं काढले काय? तं म्हने, समितीनं नाई, कुसुमनं."

मी पेला खाली ठेवला. "तिला कुणी सांगितलं?"

"कोनी नाई. म्हने, कुसुम खोटं बोलते तवा चष्मा काढून पुसते. तवा बी पुसला म्हने." मग तो खाली बघून म्हणाला, "तिले सांगू नको म्हनत होती. लाजन म्हने. पन आता काय."

शेवंता, तू रागावली होतीस का? मला एवढंच पाहिजे आहे, तू रागावली होतीस का ते. दर वर्षी 'मिरगाच्या आधी ये' लिहिताना तुझ्या मनात काय असायचं? मी येईन, कोंब बघीन आणि मग माझी मीच बोलीन, असं वाटायचं का तुला? पाच वर्षं वाट बघितलीस माझी. मी मात्र तो तुझा भोळेपणा समजून खूश होते. आणि एक प्रश्न तू कधीच विचारला नाहीस, तो मीच विचारते: गावातल्या बायकांचे शब्द म्हणून गाळले मी, की तुझ्या घरातल्या बायकांचे म्हणून? खूप दिवस मी स्वतःला पहिलं उत्तर देत आले. दोन्ही होतं. कान तुटलेला कप आईनं दिला होता. हे मी केलं, शिकलेली, तुझी मैत्रीण म्हणवणारी, चांगल्या अक्षरात.

डबा मांडीवर घेऊन मी गाडीत बसले. समोरची बाई म्हणाली, "काई उगवलं नाई वं यात," मी म्हटलं, उगवेल. घरी आल्यावर आईनं विचारलं, कुणाचा डबा. "शेवंताचा. ती गेली." आई उंबऱ्यात आली. म्हणाली, "आल्याचा चहा प्यायली होती तीच ना?" तिलाही आठवत होतं, बघ. मी हो म्हटलं. "तेव्हा तसंच होतं गं," आई म्हणाली आणि आत गेली. नाना गेल्यापासून ती फार बोलत नाही. घरात आम्ही दोघी, दोन खोल्यांत. संध्याकाळी डबा मी कोनाड्यात ठेवायला गेले आणि हात मागे घेतला. आत, खिडकीत ठेवला.

नवव्या दिवशी माती जराशी फुगली. बाराव्या दिवशी कोंब बाहेर आला, बोटाच्या पेराएवढा. मी चष्मा लावून, शाळेतलं भिंग आणून, जमिनीवर बसून बघितलं. एक पान बाहेर, आणि त्याच्या आत, पूर्ण गुंडाळलेलं, दुसरं. बाहेरच्या पानाची एक कड दुसऱ्या कडेवरून वळून आलेली, पदर ओढून घ्यावा तशी. संमुख नाही. कुठूनही बघितलं तरी संमुख नाही. तू बरोबर होतीस, आणि आपल्या दोघींच्या नावावर छापलेली ती चूक नुसती माझी होती. मी मोठ्यानं म्हटलं, "जिंकलीस बाई." घरात आवाज घुमला. आईनं आतून विचारलं, कोण आलंय? कुणी नाही, म्हटलं. तुला सांगायला इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ काहीतरी खरं होतं, आणि अमरावतीच्या गाडीत बसून जायला काही कारण उरलं नव्हतं.

मग मी कागद घेतला, तीन रकाने आखले आणि तुझे शब्द आठवायला बसले. चाळीसएक असतील. एकोणीस आठवले. उलथणं, पात, विळी, पोटरी, मुडप, हात जोडल्यासारखं... मग संपलेच. डब्यांखाली अंथरले होते मी ते, शेवंता.

म्हणून काल बार्शीटाकळीला गेले, डबा घेऊन. तुझी माय अंगणात पेरणीची ज्वारी पाखडत बसली होती. मला ओळखलं नाही, मग ओळखलं. "कुसुमबाई ना तू? शेवंताची? ये वं, बस." मला जर्मन धातूच्या पेल्यात चहा दिला, स्वतः तशाच पेल्यात घेतला. मी पेला विसळायला उठले तर हात धरून खाली बसवलं. मी का आले ते सांगितलं, सगळं, समितीचं आणि माझं. तिला किती समजलं ठाऊक नाही. ती डब्याकडे बघत होती. तिनं अंगठ्यानं कोंबाचं बाहेरचं पान किंचित सोडवलं, आत बघितलं आणि मी काही विचारायच्या आधी म्हणाली, "पोटरीतच हाये अजून."

संध्याकाळपर्यंत बसलो. मी पानं दाखवत गेले, अंगणातली, बांधावरची, पिशवीतून नेलेली, आणि ती सांगत गेली. काही तुझेच शब्द, ऐकल्याबरोबर ओळखले. काही निराळे. एकदा शेजारची बाई येऊन म्हणाली, "मास्तरीन इचारते अन् बुढी शिकवते, जमाना पालटला बापा." तुझी माय हसली. मग हसता हसता लुगड्याचा पदर तोंडाला लावून बसली. मी तिच्याजवळ सरकले. शिकवणी थोडा वेळ थांबली.

शेवटी मी पिशवीतून भाजीच्या कांद्याची पात काढली आणि त्यावरून बोट फिरवलं. "मावशी, ही जी राख उडाल्यासारखी झाक असते, हिला काय म्हणतात?"

तिनं पात हातात घेतली, बोट फिरवलं. "याले आमच्याकडं काई नाव नाई."

"शेवंतानं एक शब्द सांगितला होता मला."

"मंग तो तिचाच असन. लहानपनी असे शबूद करे ते. बकरीले, चुलीले, सगळ्याले." आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला, ती माझ्याकडे वळली, माझा गुडघा धरला. "काय म्हने ते? सांग ना वं. काय म्हने याले माही शेवंता?"

मी संस्कृतची शिक्षिका आहे. शब्द बनवणं हा माझा धंदा. तिथल्या तिथे, तुला शोभेल असा एक शब्द मी बनवू शकले असते. म्हातारी तो घेऊन झोपली असती, रोज पातीवरून बोट फिरवताना म्हणाली असती, आणि कुणाला कधी कळलं नसतं. माझा हात चष्म्याकडे गेला. तो मी खाली घेतला.

"मला आठवत नाही, मावशी," म्हटलं. "मी हसले होते तेव्हा."

तिनं पात पुन्हा माझ्या हातात दिली. "आठवन," म्हणाली. "आठवलं का मले सांगजो."

आज सकाळी समितीला पत्र लिहिलं. तिसरा रकाना तुम्ही काढला नव्हता, मी पाठवलाच नव्हता, असं लिहिलं. 'संमुख' खालचं उदाहरण चुकलेलं आहे, ते तिथून काढून 'पोटरी'पुढे घ्यावं आणि ही चूक शेवंताबाईंची नव्हे, हेही लिहिलं. सोबत यादी जोडली, तीन रकान्यांची, चांगल्या अक्षरात. उत्तरासाठी घरचा पत्ता दिला. यादी जवळजवळ भरली आहे. ग्लॉकसपुढे पहिल्या रकान्यात त्यांचा शब्द आहे, दुसऱ्यात माझा. तिसरा कोरा ठेवला आहे आणि खाली बारीक अक्षरात कारण लिहिलं आहे: शब्द होता. मी लिहून घेतला नाही.